बर्फावरची गाडी आणि आजोबांची पाठ

स्नोमोबाइल म्हटलं की आपल्याकडच्या बहुतेकांना गुलमर्ग नाहीतर मनालीजवळचं सोलंग आठवतं. भाड्याचा कोट, भाड्याचे गमबूट, दहा मिनिटांची चक्कर आणि डीपीसाठी एक फोटो. बेळगावात असेपर्यंत माझीही या गाडीशी एवढीच ओळख होती. आता पाच वर्षं झाली, आम्ही अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डुलुथ नावाच्या बंदराच्या गावी राहतो. इथला हिवाळा जवळजवळ सहा महिन्यांचा. आपल्याकडे शेतावर जायला जशी जुनी एम-एटी असते, तशी इथे कितीतरी घरांच्या मागच्या शेडमध्ये एक स्नोमोबाइल असते.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्या शेजाऱ्यांच्या अशाच अठरा वर्षं जुन्या गाडीचं मागचं सस्पेन्शन काढून आम्ही त्या जागी बाहेरच्या कंपनीचं नवं सस्पेन्शन बसवलं. दोन शनिवार-रविवार लागले. तुमच्यापैकी बहुतेकांवर हे काम करायची वेळ येणार नाही, हे मला माहीत आहे. पण सस्पेन्शनबद्दल त्यात जे समजलं, ते आपल्या दारातल्या मोटरसायकललाही लागू पडतं. म्हणून हा लेख.

ही गाडी आली कुठून?

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात व्हॅलकोर्ट नावाचं गाव आहे. तिथे जोसेफ-आर्मंड बॉम्बार्डिए नावाचा एक तरुण मेकॅनिक गॅरेज चालवायचा. बर्फावर चालणारी गाडी बनवायचा नाद त्याला लहानपणापासून होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद होते, दवाखान्यापर्यंत नेता आलं नाही आणि मूल गेलं. त्यानंतर त्याने हे काम आणखी नेटाने केलं. दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा रबरी पट्टा या रचनेचं पेटंट त्याला १९३७ मध्ये मिळालं. त्याच्या सुरुवातीच्या गाड्या बंद केबिनच्या, सात-सात माणसं बसणाऱ्या होत्या. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं यांची ने-आण त्यातून व्हायची. एकट्या-दुकट्याने चालवायची छोटी ‘स्की-डू’ त्याच्या कंपनीने १९५९ मध्ये आणली.

आमच्या मिनेसोटाचाही यात मोठा वाटा आहे. कॅनडाच्या हद्दीजवळच्या रोझो गावात शेतीची अवजारं बनवणारा एक छोटा कारखाना होता. तिथल्या मंडळींनी १९५० च्या दशकात शिकारीला जायच्या सोयीसाठी अशी गाडी बनवली. तीच पुढे मोठी झालेली पोलॅरिस कंपनी. आपल्या उद्यमबागेत कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये काही नवं घडावं, तसाच हा प्रकार.

आमचे आजोबा

शेजारी सत्तरीला टेकलेले आहेत. डुलुथच्या उत्तरेला मेसाबी पट्ट्यात लोखंडाच्या मोठ्या खाणी आहेत. तिथलं खनिज रेल्वेने आमच्या बंदरात येतं आणि बोटींतून पुढे जातं. त्या खाणीत यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. माझी चार वर्षांची मुलगी त्यांना ‘आजोबा’ म्हणते आणि तेही त्या हाकेला ओ देतात. तेव्हा इथेही आजोबाच म्हणतो. बेळगावात फौंड्र्या आहेत, माझ्या मामाचं लेथचं वर्कशॉप आहे आणि मी स्वतः मेकॅनिकलचा बीई होऊन सॉफ्टवेअरमध्ये शिरलोय, हे कळल्यापासून त्यांच्या शेडमध्ये मला मुक्तद्वार आहे.

मिनेसोटात स्नोमोबाइलच्या वाटा जवळजवळ २२ हजार मैल आहेत. त्यांतल्या बहुतेक गावोगावचे क्लब सांभाळतात. झाडं पडली तर तोडायची, वळणाच्या पाट्या लावायच्या, गोठलेल्या तळ्यावरून वाट जात असेल तर खुणेच्या काठ्या रोवायच्या. हे सगळं स्वयंसेवक करतात. आजोबांकडे चौदा मैलांचा एक तुकडा गेली कित्येक वर्षं आहे.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतरचा पहिला हिवाळा त्यांनी खिडकीत बसून काढला. बोलणं कमी, जेवण कमी, क्लबचे मित्र भेटायला आले तरी दहा मिनिटांत गप्प. दुसऱ्या हिवाळ्यात गाडी बाहेर काढली, तर तासाभरात पाठ धरून परत. आजींनी मग स्पष्टच सांगितलं, “एक तर धक्के कमी कर, नाहीतर गाडी विकू या.” गाडी विकली तर पुन्हा तो खिडकीतला हिवाळा येणार, हेही त्यांना दिसत होतं. नवी गाडी घ्यायची तर पंधरा हजार डॉलरच्या आसपास खर्च. म्हणून हा मधला मार्ग.

माझी बायको फिजिओथेरपिस्ट आहे. तिने आधी आजोबांना त्यांच्या सर्जनकडे पाठवलं. अंतर कमी, वेग कमी आणि मध्ये थांबत, अशी परवानगी घेऊन ते आले, तेव्हाच आम्ही पाने हातात घेतले.

मागचं सस्पेन्शन म्हणजे नेमकं काय?

स्नोमोबाइलला पुढे दोन स्की असतात आणि मागे एक लांब रबरी पट्टा. रणगाड्याचा पट्टा डोळ्यांसमोर आणा, फक्त एकच आणि रबराचा. त्याच्या वर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा उलट्या पन्हळीसारखा बोगदा असतो, त्यावर सीट. पट्ट्याच्या आत जो सांगाडा असतो, ते मागचं सस्पेन्शन. यात अ‍ॅल्युमिनियमचे दोन लांब रूळ असतात आणि त्यांच्या तळाला प्लॅस्टिकच्या पट्ट्या, ज्यांवरून रबरी पट्टा घसरतो. या पट्ट्यांना वंगण म्हणजे खालून उडणारा बर्फच. म्हणून नुसत्या डांबरावर किंवा कडक बर्फावर गाडी पळवली की त्या तापून झिजतात.

रुळांना बोगद्याशी जोडणारे दोन हात असतात, एक पुढचा, एक मागचा. त्यांच्यासोबत स्प्रिंगा आणि गॅरेजमध्ये ज्यांना आपण शॉकअप म्हणतो ते दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बर. स्प्रिंगचं काम वजन पेलायचं आणि धक्का साठवायचा. शॉकअपचं काम त्या साठलेल्या धक्क्याची तेलाच्या घर्षणात उष्णता करून टाकायची. शॉकअप मेला की गाडी उड्या मारत राहते. स्प्रिंग बसली की गाडी खड्ड्यात तळापर्यंत दबते आणि उरलेला धक्का सरळ माणसाच्या मणक्यात जातो.

आजोबांच्या गाडीत दोन्ही गोष्टी झाल्या होत्या. शिवाय एका रुळाला पूर्वी वेल्डिंग झालेलं. जुन्याच भागांवर खर्च करण्यापेक्षा जास्त प्रवास असलेलं, म्हणजे जास्त दबू शकणारं पूर्ण नवं सस्पेन्शन बसवायचं ठरलं. इकडे असे किट बनवणारे बरेच आहेत. आमच्यापासून तासाभरावरच्या एव्हलेथ गावातल्या फास्ट कंपनीचं एम-१० हे सस्पेन्शन तर आरामासाठी खास नावाजलं गेलेलं.

जुनं काढताना

ऐकायला काम सोपं आहे. सांगाडा बोगद्याला चार मोठ्या बोल्टांनी जोडलेला असतो, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. पण क्रम चुकवून चालत नाही. पेट्रोलची टाकी जवळजवळ रिकामी केली आणि बॅटरी काढून ठेवली, कारण पुढे गाडी कुशीवर आडवी करायची होती. मागच्या स्प्रिंगांचे लांब टोक त्यांच्या खाचेतून सोडवलं. त्यात भरपूर ताण असतो, बोट सापडलं तर मोडेल. पट्ट्याचा ताण ढिला केला. मग बोल्ट.

डावा आणि उजवा बोल्ट एकाच आडव्या दांड्यात दोन्ही टोकांनी शिरतात. एका बाजूचा पूर्ण काढला की दुसऱ्या बाजूला दांडाच गोल फिरू लागतो आणि बोल्ट सुटत नाही. म्हणून आधी दोन्हीकडचे थोडे थोडे सैल करून घ्यायचे. आजोबांनी हे सांगितलं नाही, फक्त एक पाना माझ्या हातात दिला, दुसरा स्वतः धरला आणि मान डोलावली.

पुठ्ठा अंथरून गाडी आडवी केली. सांगाडा पट्ट्यातून ओढून बाहेर काढला. उचलाउचलीचं सगळं मी आणि शेजारचा कॉलेजातला मुलगा असं दोघांनी केलं. आजोबांना बायकोने खुर्चीवर बसायची सक्त ताकीद दिली होती.

चार भोकं

दुसऱ्या कंपनीच्या सस्पेन्शनची बोल्टची जागा मूळ जागेशी जुळेलच असं नसतं. आमच्या किटमध्ये मापांचा कागद होता. बोगद्याच्या पत्र्यात नवी भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकावर आधाराची जाड पट्टी रिव्हेट करायची.

सॉफ्टवेअरमध्ये दिवसभर काम करणाऱ्याला इथे खरा फरक जाणवतो. कोड बिघडला तर कालची प्रत परत आणता येते. पत्र्यात भोक पडलं की पडलं. त्या रात्री मी मामाला व्हिडिओ कॉल लावला. बेळगावात सकाळ होती, मामा चहा घेत होता. त्याने उभ्या जन्मात स्नोमोबाइल पाहिलेली नाही. कागद बघून म्हणाला, “सगळी मापं एकाच ठिकाणावरनं घे बघ. ह्याच्यावरनं त्याच्यावर, त्याच्यावरनं पुढच्यावर असं जायचं नाही. चूक वाढत जातीया. आणि ज्या ठिकाणावरनं घेणार ते सरळ हाय का, ते पहिलं बघ.”

दुसऱ्या दिवशी आजोबांनी काहीही न विचारता टेपचं टोक पुढच्या चालक दांड्याच्या मध्यावर ठेवलं. पट्ट्याला फिरवणारा दांडा तो. मागचा बंपर हाताशी होता, तिथून मोजणं सोपं गेलं असतं. पण बंपर आणि बोगद्याचं मागचं टोक कधीतरी झाडाला लागून एका बाजूला दबलेलं होतं. दांड्यापासून घेतलेलं माप डावी-उजवीकडे सारखं आलं. बंपरपासून घेतलं असतं तर चांगला पाव इंचाचा फरक पडला असता आणि सांगाडा तिरका बसला असता. तिरका सांगाडा म्हणजे पट्टा एका बाजूला घासणार, प्लॅस्टिक झिजणार आणि गाडी ओढणार. खाणीत आयुष्य काढलेला माणूस आणि उद्यमबागेतला लेथवाला, दोघांनी एकच गोष्ट सांगितली. मला तर फार बरं वाटलं.

मग गुण्या लावून रेघा मारल्या, पंचने खूण केली, आधी बारीक ड्रिलने भोक पाडलं, मग पायरीच्या ड्रिलने मोठं केलं. कडा कानशीने साफ केल्या, कारण पत्र्याच्या खरखरीत कडेपासूनच पुढे चीर सुरू होते. आधारपट्ट्या रिव्हेट केल्या. चार भोकांना अख्खा दिवस गेला.

बसवणं आणि ताण

नवा सांगाडा पट्ट्यात घालताना आधी पुढचा हात बोल्टने पकडवायचा, मग पट्ट्याने आवळून मागचा हात दाबायचा आणि भोकाशी जुळवायचा. बोल्टांना सैल न होऊ देणारं द्रव्य लावलं आणि टॉर्क रेंचने पुस्तकात लिहिलं तेवढंच आवळलं. आपल्याकडे ‘अजून एक झटका मार’ म्हणायची सवय असते, पण अ‍ॅल्युमिनियममध्ये तो एक झटका महागात पडतो.

त्यानंतर पट्ट्याचा ताण. गाडीचा मागचा भाग स्टँडवर उचलून पट्ट्याच्या मधोमध साधारण साडेचार किलो वजन टांगायचं आणि रूळ व पट्टा यांमधली फट मोजायची. ही फट किती हवी ते प्रत्येक कंपनी सांगते. फार घट्ट केला तर ताकद वाया जाते, फार सैल ठेवला तर पट्टा चालक चाकाच्या दातांवरून उड्या मारतो. मग इंजिन सुरू करून पट्टा हळू फिरवायचा आणि तो मधोमध धावतोय का ते पाहायचं. तो ज्या बाजूला सरकत असेल, त्या बाजूचा बोल्ट थोडा आवळायचा. हे चालू असताना गाडीच्या मागे कोणीही उभं राहायचं नाही. पट्ट्यात अडकलेला खडा गोळीसारखा सुटतो. माझी मुलगी त्या वेळी आजींकडे पॅनकेक खात होती.

खरं काम इथून पुढे

इथवर आलं की बरेच जण हात धुतात. पण या टप्प्यावर गाडीत नवं सस्पेन्शन आहे एवढंच झालं. ते आजोबांचं सस्पेन्शन व्हायचं बाकी असतं.

कंपनी किट पाठवते ते एका ठरावीक वजनाच्या माणसाचा अंदाज धरून. आजोबा ऑपरेशननंतर उतरलेत, ७२ किलो भरतात. त्यांना जाड जॅकेट, पँट, बूट, हेल्मेट असा सगळा सरंजाम घालून गाडीवर बसवलं. बायकोचा आग्रह होता की ते रोज जसे बसतात तसेच बसले पाहिजेत, फोटोला बसल्यासारखे ताठ नकोत. आधी मागचा भाग उचलून बंपरची जमिनीपासूनची उंची मोजली, २६ इंच. मग आजोबा बसल्यावर मोजली, २३ इंच. म्हणजे त्यांच्या वजनाने गाडी तीन इंच दबली. एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश दबावी असं आम्ही धरलं होतं, म्हणजे चार इंचांच्या थोडं वर. याचा अर्थ स्प्रिंग त्यांच्यासाठी कडक होती. आहे तशी ठेवली असती तर महागडं किट बसवूनही पाठीला धक्के तेच. स्प्रिंगचा आधीचा ताण दोन पायऱ्या कमी केला. पुन्हा बसवलं, पुन्हा मोजलं. तिसऱ्या खेपेला २२ इंच आले.

एक गोष्ट बदलली की दुसरी हलते. मागची स्प्रिंग मऊ झाली की वजन मागे सरकतं, पुढच्या स्की हलक्या होतात आणि वळताना गाडी सरळच जाऊ पाहते. त्यावर उपाय म्हणजे पुढच्या हाताला बांधलेला एक छोटा पट्टा. तो आखूड केला की स्कीवर वजन येतं आणि गाडी वळते. तो एक भोक आखूड केला. शॉकअपचे स्क्रू मात्र मधल्या खुणेवरच ठेवले. ते बर्फ पडल्यावर बघू, असं आजोबा म्हणाले.

बर्फ पडल्यावर

इथल्या क्लबांच्या वाटा डिसेंबरमध्ये खुल्या होतात, तेही पुरेसा बर्फ पडला तर. तळ्यावर जायचं असेल तर निदान सहा-सात इंच जाडीचा स्वच्छ, कडक बर्फ हवा. ती जाडी भोक पाडून मोजायची असते, डोळ्यांनी ठरवायची नसते. १९७६ नंतर जन्मलेल्यांना सार्वजनिक जागेत ही गाडी चालवायला सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. ते मी आदल्या वर्षीच घेतलं होतं, म्हणून क्लबच्या दुसऱ्या गाडीवर मला आजोबांच्या मागे जाता आलं.

वाट पहिले चार मैल गुळगुळीत होती. नंतर ते ओळीने येणारे उंचवटे सुरू झाले. गाड्यांच्या सततच्या वर्दळीने बर्फावर असे उंचवटे तयार होतात. पावसाळ्यानंतरचा चोर्ला घाट ज्यांनी दुचाकीवरून केलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पुढे आजोबांची गाडी दबताना आणि उठताना दिसत होती, पण त्यांचं हेल्मेट जवळजवळ एका रेषेत चाललं होतं. मोठा उंचवटा आला की ते गुडघ्यांवर किंचित उठायचे. हे बायकोने त्यांना अंगणात शिकवलं होतं. गुडघे हेच माणसाचं पहिलं सस्पेन्शन, असं ती म्हणते.

पाच मैलांवर थांबलो, थर्मासमधली कॉफी प्यायलो, पुन्हा निघालो. चौदा मैल झाले. परत आल्यावर आजोबा हेल्मेट काढून एवढंच म्हणाले, “उद्या रिबाउंडचा स्क्रू दोन टिचक्या सोडू.”

पाठ बरी झाली असं मी म्हणणार नाही. पूर्वी ते दिवसाला शंभर मैल जायचे, आता वीसच्या पुढे जात नाहीत. काठ्या रोवायचं काम आता तिघांत वाटलंय. पण तो तुकडा अजून त्यांच्याच नावावर आहे, क्लबचे मित्र पुन्हा तासन्‌तास बसतात आणि गाडी विकायचा विषय आजींनी निदान या हिवाळ्यात काढलेला नाही.

आपल्या दारातली गाडी

आता तुमच्याकडे वळतो. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींच्या मागच्या शॉकअपवर पायऱ्या असलेली एक कडी असते, साधारण पाच पायऱ्यांची. कंपनीच्या टूलकिटमध्ये ती फिरवायचा सी आकाराचा पानाही अनेकदा असतो. तो तसाच कोरा पडून राहतो. गाडी घेतली तेव्हाची सेटिंग, आणि तीच गाडी बाबा एकटे ऑफिसला नेतात, दादा वहिनीला आणि सामानाला घेऊन नेतो आणि आजी मागे बसून दवाखान्यात जाते.

एका रविवारी मेजर टेप घ्या. गाडी उभी धरून मागचं चाक अधांतरी असताना चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंत मोजा. मग रोज जो चालवतो त्याला बसवून तेच माप पुन्हा घ्या. बसल्यावर गाडी जेमतेम दबत असेल तर कडी सैल करा, जवळजवळ तळाला जात असेल तर आवळा. दोन्हीकडच्या कड्या एकाच पायरीवर असू द्या. एवढ्याला ना पैसे लागतात ना परवानगी. नवीन भाग बसवायचा किंवा गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायचा असेल तर मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी समजून घ्या आणि काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या.

आणि माप घेताना ज्याच्या पाठीसाठी हे सगळं करताय, त्यालाच गाडीवर बसवा.